पुढच्या विंगेतला लॅपटॉप

टेपकाकांनी दुकानातला पहिला लॅपटॉप उचलला, उघडला, चालू केला आणि कानाला लावला.

काउंटरमागची मुलगी हातातलं काम टाकून बघत राहिली. गिऱ्हाइकं स्क्रीन बघतात, बटणं दाबून बघतात, किंमत ऐकून तोंड वाकडं करतात. पण कलिंगड निवडावं तसा लॅपटॉप कानाशी धरून उभं राहिलेलं गिऱ्हाईक तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"काका, फोन नाहीये तो."

"माहितीये. याला दमा आहे. दुसरा दाखवा."

"आत पंखा असतो हो. गरम होतं ना ते."

"तेच म्हणतोय. धापा टाकतोय बिचारा."

दुसरा घोरत होता. तिसरा तसा शांत होता, पण चालू होताना त्यानं असा काही बिगूल वाजवला की शेजारचं गिऱ्हाईक मागे वळून बघायला लागलं. चौथा सगळ्यांत महागडा आणि दिसायला मोठा रुबाबदार. तो चालू झाला आणि 'अपडेट सुरू आहे, बंद करू नका' अशी पाटी लावून हटून बसला.

"किती वेळ बसणार हा?"

"ते त्याच्यावर आहे," मुलगी म्हणाली.

"म्हणजे तिसऱ्या अंकात हा असा बसला, तर मी प्रेक्षकांना काय सांगू? थांबा जरा, यांचं अपडेट चाललंय?"

आता हे तिसऱ्या अंकाचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. टेपकाका म्हणजे गावातल्या हौशी नाट्यमंडळाचे आवाजवाले. दिवसा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर दुरुस्त करायचे, संध्याकाळी नाटकात दार वाजवायचे, पाऊस पाडायचे, घड्याळाचे टोले द्यायचे, तान्हं मूल रडवायचे. हे सगळं एका स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर. त्या धुडाला उचलायला दोन माणसं लागायची आणि तिसरं शिव्या द्यायला. कचेरीतून निवृत्त होऊन काळ लोटला, पण टेपरेकॉर्डरमधून काका निवृत्त झाले नव्हते. शेवटी टेपरेकॉर्डरच झाला. आतले पट्टे झिजले, मोटार गचके खायला लागली, आणि मेकॅनिकनं हात जोडून सांगितलं की काका, याचे भाग आता कुठे मिळायचे नाहीत.

आणि नेमकं तेव्हाच मंडळानं जुनं नाटक पुन्हा काढायचं ठरवलं. ठरवलं कुणी, तर मंडळाच्या नव्या दिग्दर्शिकेनं. ती दातांची डॉक्टर. दिवसा लोकांचे दात काढायची आणि संध्याकाळी नटांचे. सगळे तिला डॉक्टरीण म्हणायचे. लहानपणी पहिल्या रांगेत बसून तिनं ते नाटक पाहिलं होतं आणि त्यातली आई तिच्या डोक्यातून कधी गेलीच नव्हती. ती आई म्हणजे टेपकाकांची बायको. काकूंनी तरुणपणी, केसांना पांढरी पावडर लावून, म्हातारीचं काम केलं होतं. आता पावडर लागणार नव्हती.

तर दुकानात. कोपऱ्यात खालच्या फळीवर एक चिमुकला लॅपटॉप पडला होता, शाळेच्या वहीएवढा. सगळ्यांत स्वस्त. मंडळाच्या पेटीतही तेवढ्याचीच ऐपत होती.

"तो नको काका," मुलगी म्हणाली. "त्यात लिनक्स आहे, वेगळीच सिस्टिम. नेहमीचं काही चालत नाही त्यात. कुणी घेत नाही तो."

काकांनी कानाला लावला. बराच वेळ धरला. मग दुसऱ्या कानाला लावला, कारण एक कान जरा कमी होता.

"हा चालू आहे ना?"

"चालू आहे. पंखाच नाहीये त्यात. हळू चालतो जरा."

"हळू आपणही चालतो. गाणी, आवाज वाजवतो का?"

"वाजवतो."

"मध्येच स्वतःहून काही बोलतो?"

मुलीनं विचार केला. "नाही. हा विचारल्याशिवाय काही बोलत नाही."

"मग बांधून द्या," काका म्हणाले. आयुष्यभर असाच मदतनीस शोधत होते ते.

घरी काकूंनी त्या वस्तूकडे चष्म्यावरून बघितलं. "एवढासा? मला वाटलं, नमुना दिलाय आणि खरा मागून येतोय."

"लिनक्स आहे त्यात."

"औषध लावलं की जाईल ना?"

काका हसले नाहीत, आणि पुढचे काही दिवस तर त्यांच्या नाकी नऊ आले. पण मीटर खोलून बसलेला माणूस तो, सहजी हार कशी मानेल. लिनक्सवाल्यांचे इंटरनेटवर अड्डे असतात. तिथे काका प्रश्न टाकायचे आणि जगाच्या कुठल्या तरी टोकाचं कुणीतरी, ओळख ना पाळख, उत्तर द्यायचं. काकांना याचं फार अप्रूप वाटलं. आपल्या मंडळासारखीच माणसं ही, त्यांना वाटलं, फुकट राबणारी आणि वर एकमेकांशी भांडणारी. लॅपटॉपवरचा तो काळा पडदा, ज्यात हुकूम लिहायचे, तो तर त्यांना फारच आवडला. अंधारात बसायचं, एक गोष्ट सांगायची, तेवढीच व्हायची. विंगेत याहून वेगळं काय केलं होतं त्यांनी?

सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून त्यांनी जुना टेपरेकॉर्डर कसाबसा एकदाचा फिरता केला आणि सगळे आवाज त्या चिमुकल्यात भरायला घेतले. दुपारच्या वेळी, खिडकी लावून. पाऊस भरला, टोले भरले, दार भरलं. आणि शेवटी तिसऱ्या अंकातली गाडी.

ती गाडी ऐकताना मात्र काका खुर्चीत मागे रेलले. केवढा खटाटोप होता तो. कुणाची तरी गाडी मागून आणली होती, गावाबाहेरचा मोकळा रस्ता धरला होता, आणि मायक्रोफोन धरायला काकू उभ्या होत्या. तेव्हा त्या काकू नव्हत्या, काकांच्या बायकोही नव्हत्या. मंडळातली नवी मुलगी होती ती. गाडी लांबून यायची, जवळ येऊन मंदावायची, पुढे निघून जायची. एकदा कुत्रं भुंकलं, एकदा ड्रायव्हरनं खुशीत हॉर्न दिला, एकदा हिलाच हसू फुटलं. संध्याकाळ उतरली तरी हे चाललेलंच. शेवटची गाडी नीट मिळाली तेव्हा दोघंही मायक्रोफोनकडे बघत श्वास रोखून उभे होते, आणि गाडी निघून गेली तरी कुणीच टेप बंद केला नव्हता. काकांना आज वाटलं, ती संध्याकाळ कुणी परत देत असेल तर बाकीचं सगळं आयुष्य खुशाल घेऊन जावं. मग मनाशी म्हणाले, नको, बाकीच्या आयुष्यातही हीच होती.

टेपची खरखर त्यांनी पुसून काढली. तेवढं आता त्यांना यायला लागलं होतं. गाडी अशी स्वच्छ झाली की टायरखालचा खडाही ऐकू यावा.

आणि तालमीत घोटाळा झाला.

नाटकातला तो प्रसंग साधाच होता. मुलगा घर सोडून गेलाय. आई एकटी बसून शिवतेय. कात्री खाली ठेवते. शांतता. मग आई एकाएकी मान वर करते, आणि त्यानंतर, आई ऐकू लागल्यानंतर, प्रेक्षकांना लांबून गाडी ऐकू येते. गाडी दाराशी मंदावते. पुढे निघून जाते. आई पुन्हा सुई हातात घेते. बस. पण ती गाडीच्या आधी वर होणारी मान बघायला माणसं लांबून यायची. आईला आधी ऐकू येतं, म्हणायची. आईचं काळीज आहे ते, म्हणायची. काकूंना रस्त्यात थांबवून बायका त्यांचा हात हातात घ्यायच्या.

आता काकूंची मान गाडीनंतर वर होत होती.

"काकू, गाडीच्या आधी," डॉक्टरीण म्हणाली.

"हो गं. पुन्हा घेऊ."

पुन्हा उशीर. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मग काकूंनी मनात आकडे मोजायला सुरुवात केली, पण मोजून उचललेली मान मोजल्यासारखीच दिसायची. डॉक्टरीण बिचारी गोड बोलायला लागली. दात काढायच्या आधी बोलतात तसं. ते काकूंना जास्त लागलं.

घरी आल्यावर काकू चपला काढता काढता म्हणाल्या, "ते गेलं माझ्यातलं. आणखी दोन तालमी बघते. नाहीच जमलं तर तिला म्हणेन, दुसरी आई बघ."

"काहीतरी बोलू नका. थकल्या असाल."

"थकून मान उशिरा वर होत नाही हो. ते आत असतं किंवा नसतं."

काकांना रडूच यायचं बाकी होतं. हिच्याकडे दुसरं काय होतं? मूलबाळ झालं नव्हतं. आयुष्यात मिरवावं असं तिच्याकडे ते एवढंच होतं, आणि तेच तिच्या हातून निसटत होतं.

दोन दिवसांनी भंगारवाला टेपरेकॉर्डर न्यायला आला. काकू स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. भंगारवाल्यानं सहज विचारलं, चालतो का हो अजून? काकांनी उत्तर म्हणून चालू करायचा दांडा दाबला. खटाक असा त्याचा जुना, दणकट आवाज झाला.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

काका जागच्या जागी उभे राहिले. दांडा सोडला. भांडी पुन्हा वाजायला लागली. त्यांनी जरा वाट बघून पुन्हा दाबला. खटाक. पुन्हा भांडी गप्प.

"काय झालं?" काकूंनी आतून विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. त्यांनी दांडा सोडला.

रंगमंचावर काकूंची खुर्ची मागच्या काळ्या पडद्याला लागून असायची. आणि पडद्याच्या मागे, हाताच्या अंतरावर, काकांचं टेबल. कात्री ठेवल्याचं कानावर आलं की काका आपल्या मनाच्या हिशेबानं थांबायचे, मग दांडा दाबायचे. दांडा खटकायचा, टेप फिरायला लागायचा, आणि जराशानं गाडी. तो खटका प्रेक्षकांपर्यंत पोचत नव्हता. एकाच माणसापर्यंत पोचत होता. आणि काकांनी दुकानभर हिंडून, कान लावून लावून, जगातला सगळ्यांत गप्प लॅपटॉप आणला होता.

आता सांगायचं कसं? तुमचं काळीज वगैरे काही नव्हतं, आमचा दांडा होता, असं? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी. काका मूग गिळून बसले आणि कामाला लागले. भंगारवाल्याला परत पाठवलं, खटका लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घेतला. साउंडची एक छोटी डबी मिळते बाहेरून जोडायची, ती आणली. अड्ड्यावर विचारून विचारून लिनक्सला शिकवलं की गाडी या डबीतून हॉलच्या स्पीकरला दे, आणि खटका तुझ्या स्वतःच्या चिमुकल्या स्पीकरवर, अगदी हळू. लिनक्स हो म्हणाला. त्याला कशाचंच नवल वाटत नव्हतं.

पुढच्या तालमीत काकूंची मान वर झाली. गाडीच्या आधी. अगदी पूर्वीसारखी. डॉक्टरीण समोरच्या खुर्चीत बसून रुमालानं डोळे पुसायला लागली. पडद्यामागे काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लॅपटॉपला चोरून एक थाप मारली, घोड्याला मारतात तशी.

काकू मात्र घरी येईपर्यंत गप्प होत्या. दुसऱ्या दिवशीही गप्प. प्रयोगाच्या दिवशी सकाळी चहा पुढ्यात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "तो खटका कुठून आणलात?"

काकांनी कप खाली ठेवला.

"इतकी वर्षं कळलं नव्हतं मला," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, ते माझ्या पोटातून येतं. परवा तो मुद्दाम लावलेला आला ना, तेव्हा कळलं. लोक म्हणायचे आईचं काळीज. कसलं काळीज. बायको नवऱ्याच्या खटक्यावर मान उचलत होती."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तुम्ही काही म्हणालाच नाहीत. चोरून लावलात. कीव केलीत माझी."

खरंच होतं ते. पण कीव नव्हती ती, हे त्यांना सांगायचं होतं. "मला फक्त तुम्ही तिथे हव्या होतात," एवढंच म्हणाले. "दुसरी आई मला चालली नसती."

काकूंनी साखर नसलेला चहा उगाच ढवळला. बराच वेळ ढवळला.

"हल्ली बसता कुठे तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"कुठे म्हणजे? तिथेच. मागे, टेबलावर."

"का?"

काकांनी मनात हिशेब लावला. टेबल तिथे होतं कारण टेपरेकॉर्डर तिथे होता. टेपरेकॉर्डर तिथे होता कारण विजेचा प्लग त्या एकाच जागी होता आणि ते धूड दुसरीकडे हलणारं नव्हतं. हा चिमुकला बॅटरीवर तासन्‌तास चालायचा, मांडीवर मावायचा. तरी काका रोज तो उचलून त्याच अंधाऱ्या टेबलावर नेऊन ठेवत होते, पडद्याकडे तोंड करून बसत होते.

"सवय," ते म्हणाले.

"पुढच्या विंगेत बसा आज. तिथून मी दिसते. खटका काढून टाका. मी मान वर केली की मग गाडी सोडा."

"आणि तुम्हाला कळणार कसं, कधी वर करायची?"

"ते मला नाही माहीत," काकू म्हणाल्या. "एकदा बघू दे, आहे का आत काही. नसेल तर नसेल. डॉक्टरीणबाई काय ते बघून घेतील."

संध्याकाळी हॉल भरला. काकांनी स्पीकरची वायर लांब करून घेतली होती. पुढच्या विंगेत एका स्टुलावर ते बसले, मांडीवर लॅपटॉप, स्क्रीन अगदी मंद करून. पाऊस पडला, दार वाजलं, टोले झाले. चिमुकला सांगितलं तेवढं करत होता. तिसरा अंक लागला तसे काका स्टुलावर पुढे सरकले.

एक गोष्ट त्यांच्या आत्ता ध्यानात आली. हा प्रसंग त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. इतके प्रयोग झाले, लोक रडत बाहेर पडले, वर्तमानपत्रात आलं, आणि हे आपले पडद्याकडे तोंड करून कात्रीचा आवाज ऐकत बसलेले. आपली बायको तिथे काय करते, हे त्यांना लोकांनी सांगितलं होतं.

काकू शिवत होत्या. दिव्याच्या उजेडात त्यांचे हात दिसत होते, बोटांची पेरं जाड झालेली. दोऱ्याला गाठ मारली. कात्रीनं तोडला. कात्री खाली ठेवली. हॉल चिडीचूप. काकांचं बोट बटणावर.

काही झालं नाही. काकू नुसत्या बसल्या होत्या. शिवणकामही हातात नव्हतं. गेलं, काकांना वाटलं, गेलं सगळं, मी तो खटका काढायलाच नको होता. समोरच्या विंगेत डॉक्टरीण नखं खात होती.

आणि काकूंची मान वर झाली.

झटक्यानं नाही. कुणी हाक मारल्यासारखी नाही. आधी मांडीवरचे हात सावरले, मग खांदे, मग हनुवटी सावकाश उचलली गेली, आणि तोंडावर ते आलं. काय आलं ते काकांना सांगता येईना. लांबच्या रस्त्याकडे कान लावून श्वास रोखून उभी असलेली एक तरुण मुलगी आली, आणि त्या मुलीचं वय झालेलं आलं, आणि जे मूल कधी आलंच नाही त्याची वाट बघणंही आलं. हे सगळं त्या एका चेहऱ्यावर, काळ्या पडद्याच्या पुढ्यात, काकांच्या नजरेआड वर्षानुवर्षं होत आलं होतं.

काकू ऐकत राहिल्या. हॉल त्यांच्याबरोबर ऐकत राहिला. कुणी खोकलं नाही, खुर्ची करकरली नाही. ऐकत राहिल्या, ऐकत राहिल्या, आणि गाडी काही येईना.

समोरच्या विंगेतून डॉक्टरीण दोन्ही हात हलवत होती. काका दचकले, बोट खाली गेलं. लांबून गाडी आली, दाराशी मंदावली, पुढे गेली. काकूंनी सुई पुन्हा हातात घेतली. पडदा पडेपर्यंत हॉलमध्ये एक टाळी पडली नाही, आणि पडल्या तेव्हा थांबेनात.

मागच्या खोलीत काकू आरशासमोर बसून तोंडावरचा रंग पुसत होत्या. काका दारात लॅपटॉप छातीशी धरून उभे राहिले. डॉक्टरीण येऊन काकूंच्या गळ्यात पडून गेली होती. म्हणत होती, ती एवढी लांब शांतता, काकू, ती तुम्ही कुठून आणलीत?

"अहो," काकू आरशातूनच म्हणाल्या, "किती वेळ लावलात. माझी मान अवघडली. मला वाटलं, बंद पडलं तुमचं ते."

"नाही," काका म्हणाले. "बघत होतो."

काकूंचा रंग पुसणारा हात गालावर तसाच राहिला.